मायना नसलेले पत्र : अद्भुतकथेतील सिद्धाचा एकांत

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवते. मागे एम. ए.च्या वर्गाला ‘अद्भुतकथेतील मांत्रिक’ असा विषय स्वाध्यायासाठी दिला होता. बहुतेकांनी अद्भुतरसाची व्याख्या, तिची लक्षणे आणि दोनचार उदाहरणे असा सरधोपट मार्ग धरला. एका विद्यार्थ्याने मात्र वेगळे लिहिले. हा मुलगा वर्गात कधी बोलत नसे. शेवटच्या बाकावर बसून तो मोबाइलवर हॅरी पॉटरची मराठी भाषांतरे आणि टोल्कीनचे मूळ इंग्रजी ग्रंथ अडखळत वाचत असे, हे मला पुढे कळले. त्याने लिहिले होते की मांत्रिकाला मनोरा शक्तीसाठी लागत नाही. खाली बोलायला कोणी नसते, म्हणून तो वर जाऊन बसतो. मी त्या स्वाध्यायाला दहापैकी सात गुण दिले, ‘संदर्भ वाढवा’ असा शेरा मारला आणि वही परत केली. वाक्य मात्र मनातून गेले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाक्याशी उशिरा केलेला संवाद आहे.

मांत्रिक, जादूगार, सिद्ध, योगी ही माणसे कथेत वस्तीपासून दूर का असतात, याची नेहमीची उत्तरे आपल्या परिचयाची आहेत. विद्येला साधना लागते आणि साधनेला एकांत लागतो. सामर्थ्य धोकादायक असते, म्हणून ते वस्तीबाहेर ठेवावे लागते. रहस्य उघडे पडले तर त्याचा धाक राहत नाही. ही उत्तरे चूक नाहीत. पण ती सर्व सामर्थ्याविषयी बोलतात, माणसाविषयी बोलत नाहीत. वर्षानुवर्षे समाजाबाहेर राहिल्याने त्या माणसाचे काय होते, हा प्रश्न तसाच राहतो. माझे म्हणणे थोडक्यात असे : एकांतातून सिद्धाला सामर्थ्य मिळते, पण समोरच्या माणसाला काय म्हणून हाक मारावी, ही साधी विद्या तो त्या बदल्यात गमावून बसतो. पत्राच्या भाषेत बोलायचे तर त्याचा मायना हरवतो. आणि हे निदान करण्यासाठी आपल्याला परदेशी कादंबऱ्यांकडे जाण्याची गरज नाही. आपल्या परंपरेने ते एका दंतकथेत फार पूर्वी करून ठेवले आहे.

ती दंतकथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणूनच कदाचित आपण ती नीट वाचत नाही. तापीकाठचा योगी चांगदेव चौदाशे वर्षे जगला. काळ न्यायला आला की तो प्राण ब्रह्मांडी चढवून समाधीत बसे आणि वेळ टळली की पुन्हा देहावर येई. वाघ हे त्याचे वाहन, सर्प हा त्याचा चाबूक, शिष्यांचा परिवार मोठा. आळंदीच्या ज्ञानदेवांची कीर्ती त्याच्या कानी गेली आणि त्याने पत्र लिहायला घेतले. येथे कथा थांबते. पत्रात चिरंजीव लिहावे, तर हा मुलगा ज्ञानाने मोठा. तीर्थरूप लिहावे, तर वयाने अगदीच कोवळा. चौदाशे वर्षांच्या तपस्व्याला मायना सुचेना. अखेर त्याने कोरा कागद पाठवला. कोरा कागद पाहून मुक्ताबाईने जे म्हटल्याचे सांगतात, त्याचा आशय असा की इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला.

आपण ही कथा अहंकाराच्या पराभवाची कथा म्हणून शिकवतो. सिद्धी आणि ज्ञान यांतील फरक सांगतो, भिंत चालल्याचा प्रसंग सांगतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. परंतु कथेने चांगदेवाच्या उणिवेसाठी जी जागा निवडली आहे, ती पाहण्यासारखी आहे. त्याला वेदान्त कळत नाही, असे कथा म्हणत नाही. त्याचा योग खोटा आहे, असेही म्हणत नाही. त्याला पत्राची पहिली ओळ लिहिता येत नाही, एवढेच ती सांगते. पहिली ओळ म्हणजे नात्याची ओळ. तीर्थरूप, चिरंजीव, साष्टांग दंडवत, अनेक आशीर्वाद हे शब्द माणूस ग्रंथातून शिकत नाही. थोरामोठ्यांत उठून-बसून, धाकट्यांना रागावून, शेजाऱ्याशी भांडून आणि पुन्हा बोलून ते अंगवळणी पडतात. आपल्यापेक्षा वयाने लहान आणि योग्यतेने मोठा असा माणूस भेटला की काय करावे, हे तर घरातच कळते. एखादी शिकलेली धाकटी बहीण किंवा शहाणी सून ते शिकवते. चांगदेवाच्या चौदाशे वर्षांत शिष्य होते, पण असे कोणी नव्हते. शिष्याला मायना लागत नाही. त्याला आज्ञा पुरते.

आता दुसऱ्या बाजूला कोण आहे, ते पाहावे. आळंदीची ही चार भावंडे स्वतः वाळीत पडलेली होती. संन्याशाची पोरे म्हणून गावाने त्यांना बाहेर ठेवले होते. म्हणजे या कथेत एकटेपण दोन्हीकडे आहे : एक स्वतः निवडलेले, दुसरे लादलेले. ज्याने एकांत निवडला, तो बोलणे विसरला. ज्यांच्यावर बहिष्कार लादला गेला, त्यांच्यातील ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. निवृत्तिनाथांनी ते लिहायला सांगितले, अशी परंपरा आहे. ‘चांगदेव पासष्टी’ हा अद्वैताचा ग्रंथ म्हणून आपण वाचतो, पण तो मुळात पत्र आहे, पत्राच्या रीतीने मंगलवचनाने उघडणारे पत्र. त्यात मीठ पाण्याचा ठाव घ्यायला जाते आणि स्वतःच नाहीसे होते, असा दृष्टान्त आहे. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने पाहता येथे मी-तू उरतच नाही. तरीही ज्ञानदेव चांगदेवाला नावाने हाक मारतात, त्याच्या भेटीची ओढ सांगतात, आणि शेवटी तुझ्या निमित्ताने निवृत्तींनी मला स्वानुभवाचा खाऊ दिला, अशा आशयाचे बोलून मोकळे होतात. अद्वैत सांगतानाही संबोधन सोडलेले नाही. ज्याला मायना सुचला नाही, त्याला उत्तरातून मायना शिकवला आहे, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरू नये.

ज्ञानदेव या धोक्यापासून सर्वथा मुक्त होते, असेही नाही. परंपरेने आणखी एक प्रसंग जपला आहे. लोकांच्या निंदेने दुखावून ज्ञानदेव एकदा झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर उभ्या राहून मुक्ताबाईने जे विनवले, ते ताटीचे अभंग म्हणून प्रसिद्ध आहेत. चांगदेव आणि ज्ञानदेव यांच्यातील अंतर सिद्धीचे नव्हे, ते या ताटीचे आहे. दोघेही दार लावून बसू शकतात. एकाच्या दाराशी त्याला ‘दादा’ म्हणणारी धाकटी बहीण उभी आहे, दुसऱ्याच्या दाराशी केवळ शिष्यगण. पुढे चांगदेवानेही मुक्ताबाईलाच गुरू केले, असे सांगतात. चौदाशे वर्षांच्या वृद्धाने एका मुलीला गुरू करणे, यातील विनोद आपल्या कीर्तनकारांनी रंगवला आहे. पण ते त्याच्या दुखण्यावरचे नेमके औषधही होते.

ही दोन दारे मनात ठेवून पाश्चात्त्य अद्भुतकथेकडे वळले की तेथील पात्रे चटकन उलगडतात. टोल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४-५५) दोन जादूगार समोरासमोर आहेत. सारुमान ऑर्थांक नावाच्या मनोऱ्यात राहतो. त्याचा अभ्यास दांडगा आणि त्याच्या आवाजात मोहिनी. गँडाल्फला घर नाही. तो पायी हिंडतो, खेड्यातील बुटक्या हॉबिट मंडळींच्या वाढदिवसाला शोभेची दारू उडवतो आणि त्यांच्यासोबत तंबाखू ओढत बसतो. सारुमानच्या आवाजाविषयी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तो ऐकणाऱ्याला वश करू शकतो, पण कोणाशी संवाद करू शकत नाही. हा चांगदेवाचाच कोरा कागद, फक्त त्यावर शब्द भरपूर आहेत. त्याचा पराभव झाल्यावर गँडाल्फ मनोऱ्याखाली येतो आणि खाली उतर, तुला मोकळे जाऊ देतो, असे सांगतो. सारुमान क्षणभर डळमळतो आणि नाही म्हणतो. ताटी उघडत नाही. पुढे त्याचे जे होते, ते सर्व या नकारातून येते.

अर्सुला ल ग्विन यांनी हा प्रश्न अधिक खोलवर नेला. त्यांच्या अर्थसी मालिकेची सुरुवात १९६८ साली झाली. तेथे रोक नावाच्या बेटावर जादूगारांचे विद्यापीठ आहे. तेथे स्त्रियांना प्रवेश नाही, आणि ब्रह्मचर्य हा जादूगाराचा धर्म मानला जातो. पहिल्या तीन कादंबऱ्यांत ही व्यवस्था वाचकाला स्वाभाविक वाटते, कारण लेखिकेलाही ती तशी वाटली असावी. पुढे १९९० सालच्या ‘तेहानू’मध्ये त्यांनी स्वतःच्याच जगाची झडती घेतली. महाजादूगार गेड आपले सामर्थ्य गमावून परत येतो. त्याला लाज वाटते, तो लोकांना टाळतो, डोंगरात शेळ्या राखतो. सामर्थ्य गेल्यावर सामान्य माणूस म्हणून कसे जगायचे, हे तो प्रौढ वयात एका विधवा शेतकरीण बाईच्या घरी शिकतो. ज्या विद्यापीठाने त्याला पदार्थमात्राची खरी नावे शिकवली, त्याने माणसाला हाक कशी मारावी, हे शिकवले नव्हते. ल ग्विन यांना चांगदेव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण दोघांचे निदान एक आहे.

येथे विरुद्ध बाजू मांडली पाहिजे, कारण आपल्याच परंपरेने तीही तितक्याच जोराने मांडली आहे. धुंडीसुत मालू यांचा ‘नवनाथ भक्तिसार’ शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पूर्ण झाला. त्याची पारायणे आजही गावोगाव होतात. त्यातील मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जाऊन संसारात रमतो आणि शिष्य गोरक्ष त्याला तेथून बाहेर काढतो. परतीच्या वाटेवर मच्छिंद्राच्या झोळीत सोन्याची वीट असते आणि त्या विटेमुळे त्याला रानात चोरांचे भय वाटू लागते. गोरक्ष ती वीट फेकून देतो. ही कथा म्हणते की समाजात गेलेला सिद्ध बिघडतो. त्याला मिळते ते प्रेम नव्हे, भय असते. एकांताच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद मला ठाऊक नाही. तरीही बारकाईने पाहिले तर येथेही गुरूला सोडवणारा कोणीतरी दाराशी आला आहे आणि त्याने हाक मारली आहे. मच्छिंद्र एकांतामुळे वाचला नाही; गोरक्षामुळे वाचला. नाथकथेचा आक्षेप संसारावर आहे, नात्यावर नाही.

मग एकांताला जागा कुठे? याचे उत्तर आम्हा विदर्भातील वाचकांच्या अगदी शेजारी आहे. ‘लीळाचरित्रा’चे तीन भाग : एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. चक्रधरांच्या एकाकी भ्रमणाचा भाग तो एकांक. साळबर्डीच्या डोंगरात त्यांनी काढलेली बारा वर्षे याच भागात येतात. अद्भुतकथा लिहिणाऱ्याला मोह पडावा अशी ही सामग्री आहे : डोंगर, तप, तरुण सिद्ध. आणि तरीही तिन्हींत हा भाग सर्वांत लहान आहे. म्हाइंभटांनी रिद्धपुरास नागदेवाचार्यांच्या आधाराने जो ग्रंथ सिद्ध केला, त्याचा फार मोठा भाग माणसांत घडतो. कोणी भिक्षा आणते, कोणी रुसते, कोणी वेडेवाकडे प्रश्न विचारते. महदाइसा तर प्रश्न विचारून थकत नाही, आणि चक्रधर तिला ‘बाई’ म्हणून उत्तर देतात. संस्कृत सोडून लोकांच्या मराठीत बोलणे, हाही मायन्याचाच प्रश्न होता. त्यांचे गुरू श्रीगोविंदप्रभू तर रिद्धपुरातच राहिले. ते कोणाच्याही घरात शिरत, मिळेल ते खात, मुलासारखे वागत. परक्याला ते वेडे वाटत. गावाने मात्र त्यांना आई आणि बाप अशी दोन्ही नाती बहाल केली. चांगदेवाला एक मायना सुचला नाही, येथे एका सिद्धाला दोन मिळाले. महानुभावांचा हिशेब मला पटतो : एकांत हा चरित्राचा पहिला आणि छोटा भाग असावा, संपूर्ण चरित्र नव्हे.

आतापर्यंत ज्या सिद्धांविषयी बोलले, ते वस्तीबाहेर गेले किंवा वस्तीत परतले; जायचे की नाही, हे मुख्यतः त्यांच्या हाती होते. परंतु वस्तीबाहेरची सगळीच माणसे अशी नसतात. जी. ए. कुलकर्णींच्या ‘पिंगळावेळ’मधील (१९७७) ‘स्वामी’ या कथेत मठवासी एका वाटसरूला भुयारी खोलीत कोंडतात आणि त्याला आपला स्वामी ठरवतात. त्याच्याकडे कोणतीही सिद्धी नाही. समाजाला सिद्ध हवा आहे, म्हणून तो कोंडला गेला आहे. मांत्रिक एकटा राहतो असे आपण समजतो, पण पुष्कळदा जो एकटा पडतो, त्यालाच मांत्रिक ठरवले जाते. याचे क्रूर रूप कथेबाहेर आहे. एकटी राहणारी, म्हातारी, विधवा, थोडी जमीन असलेली किंवा नुसतीच तोंडाळ बाई. गावात दोन मुले आजारी पडली की तिने करणी केल्याची कुजबुज सुरू होते. तिला कोणी विद्या शिकवलेली नसते, तिच्याकडे मनोरा नसतो. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चेटूक केल्याचा आरोप ठेवून एखाद्याला छळणे हा त्यानुसार गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा. कायदे झाले, पण चेटकिणीची प्रतिमा अजून कथेतूनच पुरवली जाते, आणि कथा आम्ही शिकवतो. बालकथेतील गावाबाहेरच्या झोपडीत राहणारी म्हातारी दुष्ट का असते, असा प्रश्न आम्ही किती वर्गांत विचारला आहे? तिला तेथे कोणी धाडले, हे कथा सांगत नाही; शिक्षकाने विचारायला हवे.

म्हणूनच मराठीत आज जे तरुण अद्भुतकथा लिहू पाहतात, त्यांच्याकडे माझी एक मागणी आहे. मनोरे, दाढ्या आणि काठ्या परक्या बाजारातून आणाव्यात, त्याला माझी हरकत नाही. आपल्या पूर्वसूरींनीही पुष्कळ उसने घेतले. परंतु तुमचा मांत्रिक वस्तीबाहेर राहत असेल, तर तो स्वतः गेला की त्याला घालवले, हे ठरवा. शेवटचे त्याला नात्याच्या नावाने कोणी हाक मारली होती, हे ठरवा. त्याच्या दाराशी कोण येणार आहे आणि तो दार उघडणार का, हे ठरवा. एवढे ठरले की मंत्र कोणता आणि शत्रू कोण, हे दुय्यम होते. सामर्थ्याच्या वर्णनाने वाचक दिपतो. मायना सापडतो की नाही, या प्रश्नाने तो अडकून राहतो.

आणि एक मागणी स्वतःकडे. साहित्याचे अध्यापन हीसुद्धा एक प्रकारची सिद्धी असते. आमच्याकडे परिभाषा आहे, गुण देण्याचा अधिकार आहे, समोर मुकाट ऐकणारे शिष्य आहेत. आम्हीही हळूहळू आज्ञा देण्यात तरबेज होतो आणि मायना विसरतो. त्या मुलाच्या वहीवर मी लिहिलेला शेरा पुन्हा आठवून पाहिला. ‘संदर्भ वाढवा’ : यात कर्ता नाही, संबोधन नाही, लिहिणारीचे नावही नाही. खाली बोलायला कोणी नसते, असे एका मुलाने आपल्या शिक्षिकेला लिहून कळवले होते, आणि तिने त्याला संदर्भ मागितले. त्याचा कागद भरलेला होता; कोरा होता तो माझा.

तो मुलगा परीक्षा देऊन गेला. सध्या पुण्याकडे कुठेतरी कामाला आहे, असे त्याच्या वर्गमित्रांकडून कळते. क्रमांकही मिळाला आहे. संदेश लिहायला घेतला तेव्हा पहिल्याच शब्दाशी थांबले. ‘चि.’ लिहावे, तर तो आता कमावता पुरुष, ‘श्री.’ लिहावे, तर परकेपणा वाटतो. बराच वेळ गेला. शेवटी नुसते त्याचे नाव लिहिले, पुढे स्वल्पविराम दिला, आणि ‘तुझे वाक्य बरोबर होते’ इथून सुरुवात केली.